कानवले घरीच व्हायला हवेत

खाजाचे कानवले हा बारीक रव्याचा, मंद आचेवर तुपात तळलेला, पदर सुटलेला गोड पदार्थ आहे. पारी भिजवून कुटलेल्या रव्याची, पदरांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा, आणि आत भाजलेला रवा, सुके खोबरे, पिठीसाखर, खसखस, चारोळी, वेलची-जायफळ यांचे सारण. रवा बाहेरही असतो आणि आतही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत दिवाळीच्या ताटात पहिला मान या कानवल्यांचा. इतर मराठी घरांत त्यांच्या जागी साट्याची करंजी असते. मुंबईच्या उपनगरांत तर हा पदार्थ एका जातीचा किंवा एका भाषेचा राहिलेलाच नाही. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती आणि कच्छी घरांत दिवाळीला घूघरे होतात. अंधेरीच्या आंबोली-मरोळपासून बोरिवलीच्या गोराईपर्यंत ईस्ट इंडियन घरांत नाताळात नेवऱ्या होतात. तमिळ घरांत सोमासी होते, उत्तर भारतीयांकडे होळीला गुजिया होते. सारणातला रवा, खवा आणि खोबऱ्याचा मेळ घरोघरी बदलतो. अर्धचंद्राचा आकार आणि तापलेली कढई सगळीकडे तीच.

अशा पदार्थाविषयी उपनगरांतल्या मध्यमवर्गात आता एक मत पक्के होत चालले आहे. ते असे: कानवले घरी करणे हा वेळेचा अपव्यय आहे. ज्यांना लोकल पकडायची असते त्यांनी रवा कुटत बसू नये. कोपऱ्यावरच्या दुकानात तेच, तसेच आणि अधिक देखणे मिळते. शिवाय तळलेले आणि गोड म्हणजे तब्येतीला घातक. करायचेच असेल तर एअर फ्रायरमध्ये करावे. सणाच्या नावाखाली बायकांना चुलीपाशी जुंपणारी ही प्रथा बंद पडली तर बरेच होईल. आणि एवढे करूनही कानवले फसतात, कारण ते हात आता उरलेले नाहीत. सारांश, हा जुन्या काळचा पदार्थ जुन्या काळाबरोबर जाऊ द्यावा.

हे मत इतक्या सहजपणे बोलले जाते की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तपासले तर त्यातला एकही मुद्दा पूर्ण टिकत नाही, आणि जो सर्वांत वजनदार आहे तो भलत्याच निष्कर्षाकडे नेला जातो.

वेळेचा मुद्दा आधी घ्यावा, कारण बाकीचे सगळे त्याच्या आडोशाने उभे असतात. बोरिवलीहून चर्चगेटला धीम्या लोकलने तासाभराहून अधिक लागतो. रोज असा प्रवास करणाऱ्या माणसाच्या थकव्याविषयी वाद नाही. पण कानवल्यांना वेळ लागतो म्हणजे नेमके काय होते? रवा तुपाचे मोहन घालून दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवला की दोन तास झाकून ठेवायचा असतो. त्या दोन तासांत कोणी तिथे उभे राहायचे नसते. रव्याचा कण मैद्याच्या कणापेक्षा मोठा असतो आणि पाणी सावकाश पितो. काम त्याचे तो करतो. सारण आदल्या रात्री अर्ध्या तासात होते आणि डब्यात व्यवस्थित राहते. साटा फेटायला दहा मिनिटे पुरतात. रवा कुटण्याचे काम पूर्वी वरवंट्याने किंवा मुसळाने व्हायचे. आज फूड प्रोसेसर ते काही मिनिटांत करतो आणि कानवल्याच्या चवीत त्याने काही कमी होत नाही. उरते ते लाटणे, भरणे आणि तळणे. पंचवीस कानवल्यांना दोन माणसे बसली तर दोन-अडीच तास. शनिवारी रात्री सारण आणि रविवारी सकाळी पारी अशी विभागणी केली तर नोकरी करणाऱ्या कोणत्याही घराला हे जमते. वर्षातून एका रविवारची सकाळ ज्या घराला काढता येत नाही, त्या घराची अडचण कानवले नाहीत. तिथे वेळ दुसऱ्याच गोष्टींनी गिळलेला असतो, आणि तो हिशेब मांडण्याऐवजी दोष रव्याला दिला जातो.

दुसरा मुद्दा दुकानाचा. तेच आणि तसेच मिळते, हे विधान खरे आहे का? कानवल्याचे सर्वस्व त्याच्या पदरांत आहे. पदर जितके पातळ आणि सुटे, तितका कानवला चांगला. आणि जितका चांगला, तितका तो नाजूक. असा कानवला डब्यात दाबून भरता येत नाही, पिशवीतून नेता येत नाही, दुकानाच्या काउंटरवर दहा हातांतून फिरवता येत नाही. विकण्यासाठी केलेल्या पदार्थाला आधी प्रवास सोसावा लागतो. परदेशातल्या मुलाबाळांसाठी जाणारा फराळ दिवाळीच्या कितीतरी दिवस आधी घराबाहेर पडतो; तो पोहोचेपर्यंत अखंड राहायला हवा. म्हणून विकतच्या करंजीची पारी जाड असते, तिच्यात रव्याऐवजी मैदा असतो, कडा साच्यात दाबून बंद केलेल्या असतात आणि पदर नसतातच. यात दुकानदाराची लबाडी नाही. धंद्याची ती गरज आहे. पण या गरजेतून जे तयार होते ते खाजाचे कानवले नव्हेत. तो दुसरा पदार्थ आहे आणि त्याला दुसऱ्या नावाने ओळखावे.

तुपाचीही हीच गोष्ट. साजूक तूप रिफाइंड तेलापेक्षा कितीतरी महाग पडते. किलोच्या भावाने विकायच्या फराळात ते परवडत नाही, म्हणून वनस्पती किंवा पाम तेल येते. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले जाऊ नये म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाला नियम करावा लागला: 1 जुलै 2018 पासून ज्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले आहे ते वापरण्यास मनाई आहे. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक झाले. हे नियम का करावे लागले, याचा विचार विकतचे अधिक चांगले म्हणणाऱ्यांनी करावा. घरच्या कढईत ओतलेले तूप कोणते, ते किती वेळा तापले आणि कानवला कोणत्या दिवशी तळला, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते.

घरगुती फराळ करून विकणाऱ्या बायकांचा अपवाद इथे नोंदवायला हवा. उपनगरांत अशी अनेक घरे आहेत आणि त्यांतली काही खरोखर उत्तम कानवले करतात. पण त्यांचा भाव दुकानापेक्षा चढा असतो, कारण त्यांचा माल खरा असतो. आणि त्यांच्या दारातच घासाघीस सर्वांत जास्त होते. कानवल्यामागच्या श्रमांची ज्याला कल्पना आहे तो अशी घासाघीस करणार नाही. आणि ती कल्पना स्वतः एकदा करून पाहिल्याशिवाय येत नाही.

तब्येतीचा मुद्दा शास्त्राच्या भाषेत येतो, म्हणून तो अधिक नीट पाहायला हवा. कानवल्यात तूप आहे, साखर आहे, तो रोज खायचा पदार्थ नाही. हे कोणीही नाकारत नाही, आणि जुन्या पिढीनेही तो कधी रोज केला नाही. सणाच्या दोन-चार दिवसांत प्रत्येकी दोन-चार कानवले, एवढाच त्याचा हिशेब होता. मधुमेह असलेल्याने हात आखडता घ्यावा, हेही रास्त. पण जे घर आरोग्याचे कारण देऊन कानवले बंद करते, त्याच घरात रोज सकाळी चहाबरोबर खारी आणि बिस्किटे येतात. बेकरीतली खारी भट्टीत भाजलेली असते, तळलेली नसते. म्हणून तिच्यात तूप नसते का? तिचे पदर सुटतात ते पिठाच्या थरांमध्ये भरपूर वनस्पती घातल्यामुळेच. पदरांचा पदार्थ कोणत्याही मार्गाने करा, स्निग्धांशाशिवाय पदर सुटत नाहीत. तळायचे नसेल तर तेवढे तूप पिठात घालावे लागते. एअर फ्रायरमधल्या कोरड्या करंजीत ते घातले नाही तर ती कडक होते आणि पदर एकमेकांना धरून बसतात. तेव्हा एअर फ्रायरने आरोग्य वाचते हा समज अर्धवट आहे. त्यात वाचते ते फक्त कढई घासण्याचे काम.

उलट खरा धोका ज्या ट्रान्स फॅटचा, तो अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पतीत असतो. खाद्यतेल आणि मेदातील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा भारतात 2021 मध्ये 3 टक्के आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटना हा घटक अन्नातून पूर्ण हद्दपार करण्याचा आग्रह धरते. ज्याला तब्येतीची काळजी आहे त्याने वर्षातून एकदा घरच्या ताज्या तुपात तळलेल्या दोन कानवल्यांना घाबरावे, की वर्षभर पुड्यांतून येणाऱ्या मैद्याला आणि वनस्पतीला?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कानवले म्हणजे बायकांचे कष्ट, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात सत्य आहे. पिढ्यानपिढ्या दिवाळीच्या आधीचा आठवडा घरातल्या एकाच बाईच्या पाठीवर यायचा. ती पहाटेपासून कढईसमोर आणि बाकीचे घर फराळाच्या ताटासमोर. ही वाटणी अन्यायाची होती आणि आजही अनेक घरांत तशीच आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? अन्याय वाटणीत आहे. मग बदलायची ती वाटणी. पदार्थच बंद करून घरातल्या पुरुषांना आणि मुलांना त्या कामातून कायमचे मोकळे करायचे, हा कुठला न्याय?

कानवल्याचे काम तर वाटून घेण्यासाठीच बनल्यासारखे आहे. एकाने पोळ्या लाटाव्यात, दुसऱ्याने साटा लावावा, तिसऱ्याने सारण भरून मुरड घालावी, चौथ्याने झारा धरावा. यांतले कोणतेही काम बाईच्याच हाताला येते असे नाही. चाळींतून दिवाळीच्या दिवसांत शेजारणी पोळपाट-लाटणे घेऊन एकमेकींच्या घरी करंज्यांना बसत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. त्या पद्धतीत कोणाही एकीवर सगळा भार नसे. उपनगरांतल्या गृहनिर्माण सोसायट्यांत क्लब हाऊस आहे, गच्ची आहे, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आहेत. चार घरांनी मिळून एक कढई चढवण्यात कोणती अडचण आहे? यात आता पुरुषांनीही बसावे, एवढीच भर घालायची आहे.

शिवाय कष्ट विकत घेतल्याने नाहीसे होत नाहीत. पुड्यात बंद झालेल्या करंजीमागेही कोणाचे तरी हात असतात, आणि ते बहुधा याच शहरातल्या, याहून लहान घरातल्या बाईचे असतात. तिला कढईसमोर उभे करून, तिच्या श्रमाचा भाव पाडून, स्वतःच्या घराला मुक्त म्हणवणे हे स्त्रीमुक्तीच्या कोणत्या व्याख्येत बसते? कष्टांविषयीची कणव खरी असेल तर ती आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात दिसायला हवी, आणि तिथे तिचे रूप एकच: दुसऱ्याने लाटणे हातात घेणे.

मग उरतो तो हाताचा मुद्दा. कानवले फसतात, पदर सुटत नाहीत, सारण बाहेर येते, तळताना फुटतात; ती कला आईबरोबर गेली, असे सांगितले जाते. परंतु कानवल्याच्या प्रत्येक चुकीला कारण आहे आणि प्रत्येक कारणाला उपाय. पारी चिरते, कारण रवा पुरता भिजलेला नसतो किंवा कुटलेला नसतो. पदर चिकटतात, कारण साटा पातळ असतो. तूप हलके आणि पांढरे होईपर्यंत फेटून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोर मिसळले की ती पिठी तुपाला धरून ठेवते आणि तूप पदरांना वेगळे ठेवते. लाटी जोर लावून लाटली तर पदर एकात एक दाबले जातात. सारणात ओल असली तर तिची वाफ कानवला फोडते. रवा गरम असतानाच पिठीसाखर घातली तर ती ओलसर होते आणि तिचे गोळे होतात. कडेला दुधाचे बोट लावून नीट मुरड घातली नाही तर सारण तुपात उतरते आणि पुढचा सगळा घाणा काळवंडतो. यांत दैवी असे काय आहे? अशा सूचना कोणालाही पाळता येतात. ज्याला सोपी सुरुवात हवी त्याने पहिल्या वर्षी निम्मा रवा आणि निम्मा मैदा घ्यावा. पारी पटकन वळते आणि हात बसतो.

तळणे हा त्यातला शेवटचा आणि निर्णायक टप्पा. तीन पोळ्या साटा लावून एकावर एक ठेवल्या, घट्ट गुंडाळी केली, तिचे इंचभराचे तुकडे कापले आणि कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने लाटले, की पारीवर वर्तुळाकार रेघा दिसतात. भरून, कातणाने कड कापून असा कानवला मध्यम तापलेल्या तुपात सोडला की तो आधी तळाशी जातो. बारीक बुडबुडे येतात. ती पारीतल्या पाण्याची वाफ. थोड्याच वेळात तो वर तरंगतो. आता आच वाढवायची नसते. झाऱ्याने त्याच्या पाठीवर गरम तूप उडवत राहायचे, म्हणजे रेघा उकलू लागतात, एक पदर दुसऱ्यापासून सुटतो, कड किंचित उलगडते. रंग पांढराच राहायला हवा, फार तर बदामी झाक. तूप फार तापले असेल तर बाहेरचा पदर लगेच लाल होऊन घट्ट होतो आणि आतले उघडत नाहीत; कमी तापले असेल तर कानवला तूप पितो. ही आच पहिल्या दोन-तीन कानवल्यांत कळते. बाजारातल्या मोठ्या कढईत एका वेळी शेकड्याने माल तळायचा असतो. तिथे एकेका कानवल्याच्या पाठीवर तूप उडवत कोण बसेल? म्हणूनच हा पदार्थ घरचा आहे. त्याला जी सवड लागते ती फक्त घर देऊ शकते.

आणि आईकडून न शिकलेल्यांसाठी पुस्तके आहेत, तीही फार जुन्या काळापासून. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' 1910 मध्ये मुंबईत आले, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 मध्ये. माहेर-सासरपासून दूर, दोन खोल्यांच्या घरात एकट्याने संसार मांडणाऱ्या बायका अशा पुस्तकांवर विसंबून सणांचे पदार्थ शिकल्या आणि ते त्यांनी पुढच्या पिढीला खाऊ घातले. छापील पानावरून शिकून कानवले जमलेले आहेत. आज तर हातातल्या फोनवर तळतानाची कढई दिसते. शिकण्याची साधने वाढली असताना कला गेली असे म्हणणे म्हणजे शिकायचे नाही हे वेगळ्या शब्दांत सांगणे.

शेवटचा मुद्दा काळाचा. कानवले जुने झाले, असे जे म्हणतात त्यांच्या मते जुने म्हणजे संपलेले. गव्हाच्या पिठाचे गोड पदार्थ तळण्याची रीत निदान बाराव्या शतकापासून लेखी सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात असे पदार्थ आहेत. जी रीत इतकी शतके टिकली आणि आज एकाच इमारतीतल्या मराठी, गुजराती, ईस्ट इंडियन आणि तमिळ घरांत वेगवेगळ्या सणांना होते, ती कालबाह्य कशी? आणि पदरांची आवड तरी कुठे गेली आहे? अंधेरीच्या कॅफेंत क्रोसाँसाठी चांगले पैसे मोजले जातात. तिथे पिठात लोण्याचा थर देऊन घड्या घालतात, इथे पोळ्यांवर तुपाचा साटा लावून गुंडाळी करतात. तत्त्व एकच आहे. फ्रेंच पदर सुटले की त्याला कारागिरी म्हणायचे आणि रव्याचे पदर सुटले की जुनाट म्हणायचे, हा निवाडा चवीचा नाही. तो स्वतःच्या घरातल्या गोष्टीला कमी लेखण्याच्या सवयीचा आहे, आणि मुले तीच सवय उचलतात.

त्या मुलांना कानवले आवडत नाहीत असेही सांगतात. त्यांनी खरा कानवला खाल्ला आहे का, हे आधी विचारावे. जाड पारीची, सारण एका कोपऱ्यात गोळा झालेली, खवट वासाची करंजी ज्याने खाल्ली त्याने ती नाकारली तर त्याची जीभ बरोबर आहे. तीच मुले लाटीवर सारण ठेवायला आणि कड बंद करायला बसली, की तयार झालेला पहिला कानवला कोणी उचलायचा यावरून भांडतात.

ज्यांचे वय झाले आहे, जे आजारी आहेत किंवा जे खरोखर एकटे आहेत, त्यांनी विकत आणावे. त्यात कोणताही कमीपणा नाही. बाकीच्यांपुढे कारण उरत नाही. वेळ निघतो, काम वाटता येते, कौशल्य शिकता येते, घरचे तूप बाजारच्या वनस्पतीपेक्षा चांगले असते आणि पदर सुटलेला कानवला दुकानात मिळत नाही. म्हणून कानवले घरी करावेत, घरातल्या सर्वांनी मिळून करावेत आणि साजूक तुपात करावेत. दोन वाट्या बारीक रव्यावर सुरुवात होते. येत्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो भिजवावा.